पहिली वेलांटी

कोरान्ने काकांची तक्रार साधी होती:
"पेन्शनची पत्रं येतात, विम्याची येतात,
माणसांचे ईमेलच येणं बंद झालंय.
तू इकडूनच जाते ना रोज दुकानात, बघून जा जरा."

लोकमान्यनगर, दुसरा मजला, सकाळचे साडेसात.
दाराशी बादल्या, हिरवी नि निळी,
आणि एक छोटा डबा, ब्लेड आणि संपलेल्या सेलांचा.
इंदूरात ओलं-सुकं एकत्र करणाऱ्याशी
शेजारीसुद्धा तुटक बोलतात.

मी आधी नेहमीचं पाहिलं.
नेट चालू. जागा शिल्लक.
ओळखीच्या पत्त्यांत चार नावं, त्यातलं एक गॅसवाल्याचं.
गाळणी: कडक.
आणि तळाशी, एका चौकटीत, बरोबरची खूण:
तीस दिवसांनी स्पॅम आपोआप पुसावे.

ती खूण आधी काढली.
काढताना, का कोण जाणे, श्वास धरून.

"काका, हे लाल बटण तुम्ही कशासाठी दाबता?"
"तो झाडू. नको ते उडवायला."
"उडवत नाही ते. शिकतं.
तुम्ही ज्याला नको म्हणालात, तसं दिसणारं जे जे येईल
ते पुढच्या वेळी तुम्हाला न विचारता बाहेर बसवतं."

काका चष्मा पुसत राहिले.
"मग काय शिकलंय ते माझ्याकडून?"

यंत्र मजकूर वाचत नाही, खुणा मोजतं.
पैसे. तातडीने. खाते क्रमांक.
अशुद्ध लेखन.
आणि खंडव्याचा एक पत्ता,
चार वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात नऊ वेळा लाल.

"धाकटा," काका म्हणाले. "सुधन्वा.
पैसे मागायचा. दर पत्रात तातडीनं.
एकदा दिले.
मग झाडू."

स्पॅममध्ये दोनशे बारा:
लॉटऱ्या, केस उगवणारं तेल,
परदेशातली एक विधवा, जिला आपली सगळी इस्टेट
कोरान्ने काकांनाच द्यायची आहे,
आणि तिच्या खाली सुधन्वा. तीन पत्रं.

शेवटचं मी वाचून दाखवलं नाही, स्क्रीन वळवली.

तिर्थरूप दादास,
हे सातवं पत्र. तुझे पैसे परत करायचे आहेत.
खाते क्रमांक तातडीने कळव.

खरं सांगायचं तर
मीही त्याला स्पॅमच म्हटलं असतं.
जेल रोडवर अकरा वर्षं झाली,
पैसे देतो, नंबर सांगा, असं लिहिणारा
एकही खरा माणूस मला भेटलेला नाही.
"थांबा काका. नंबर पाठवू नका.
पत्ता चोरलेला असू शकतो."

पण त्यांचं बोट पहिल्याच शब्दावर होतं.
"तीर्थरूपला पहिली वेलांटी.
चौथीत होता, बाबांनी शंभर वेळा लिहायला लावलं.
लिहिलं ना त्यानं.
शंभरही वेळा पहिलीच."

यंत्रानं नेमकी ती वेलांटी
संशयाच्या रकान्यात टाकली होती.

सातातली चार गेली. ती मला आणता येत नाहीत,
हे सांगायला दोनदा तोंड उघडलं.
मग जे सांगता येत होतं ते सांगितलं:
शिकलेलं सगळं एका झटक्यात पुसता येतं,
किंवा एकेक पत्र दाखवून, हे नाही, हेही नाही, असं.
झटक्यात पुसलं तर तेलवाले आणि विधवा
उद्यापासून थेट घरात.
"एकेक," काका म्हणाले. "पण मला दाखवू दे."

तेवढ्यात खाली गाडी आली, तिचं गाणं लावून.
दोन्ही बादल्या उचलून ते सवयीनं उतरले.

बाण "हे स्पॅम नाही" वर थांबलेला.
मी माउसला हात लावला नाही.

जिन्यातून आवाज आला,
"भैया, ज़रा रुको. कुछ ग़लती से चला गया शायद."
खिडकीतून पाहिलं:
हिरव्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून
ते काहीतरी शोधत होते,
आणि गाडीवाला, घाईतला माणूस,
गाणं बंद करून थांबला होता.